एका खात्यावर दोन मुनीम

"मालक, माझ्या वहीत ब्याऐंशी हजार हायेत. तुमच्या मशिनीत तीसच कसे?"

औसा तालुक्यातले एक शेतकरी मामा लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानाच्या गादीसमोर उभे होते. एका हातात घडी घालून घालून मऊ पडलेली काटापट्टी, दुसऱ्या हातात शंभर पानी वही. दुकानाचा हिशेबाचा प्रोग्राम मी लिहून दिलेला, म्हणून मला फोन करून बोलावून घेतलं होतं. सोयाबीनची पट्टी जमा झालेली दिसत होती, उचलीची नोंदही दिसत होती. बाकी तेवढी चुकलेली. मी तिथंच बसून त्याच दोन नोंदी पुन्हा घालून पाहिल्या. बाकी बरोबर आली. दहा वेळा घातल्या, दहाही वेळा बरोबर.

मामांची वही खरी होती आणि माझा प्रोग्राम खोटा होता, हे कळायला मला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत जे उमगलं ते इथं मांडतो. लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या कॉलेजांतून जावा किंवा सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकून बाहेर पडणाऱ्या पोरांना क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स तोंडपाठ असतं. पण एकाच ऑब्जेक्टवर दोघांनी एकदम हात टाकला तर काय होतं, हे बहुतेकांना पहिली चूक घडल्यावरच समजतं. मलाही तसंच समजलं, आणि भुर्दंड मामांच्या खात्याला बसता बसता राहिला.

दुकानात गादीवर दोन संगणक होते, तिसरा काट्यावर. आलेली प्रत्येक नोंद सर्व्हर वेगळ्या थ्रेडवर चालवायचा. थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या आत आपल्या गतीनं चालणारं एक काम. थ्रेड कितीही असले तरी मेमरी सगळ्यांची एकच, जसे मुनीम कितीही ठेवले तरी खातेवही एकच. माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक शेतकऱ्याचं खातं म्हणजे एक ऑब्जेक्ट. आत 'बाकी' नावाची संख्या, आणि जमा, नावे अशा मेथड, म्हणजे त्या संख्येवर करायच्या कृती.

जमा मेथडमध्ये एकच ओळ होती: बाकी = बाकी + रक्कम. आपल्याला ही एक कृती वाटते, पण यंत्राला त्या तीन कृती आहेत. आधी बाकी वाचायची, मग तीत रक्कम मिळवायची, मग आलेला आकडा परत लिहायचा. मामांच्या खात्यात आधी ४०,००० होते. त्या दुपारी एका मुनिमानं ५२,००० ची पट्टी जमा केली. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्यानं १०,००० ची उचल नावे टाकली. पहिल्या थ्रेडनं ४०,००० वाचले. तो बेरीज करतोय तोवर दुसऱ्यानंही ४०,०००च वाचले. पहिल्यानं ९२,००० लिहिले. दुसऱ्यानं आपल्या हिशेबानं ३०,००० काढले आणि ९२,००० वर ते लिहून टाकले. सोयाबीनचे ५२,००० रुपये त्या क्षणी वहीतून गेले. कोणी चोरी केली नाही, कोणतीही सूचना पडद्यावर आली नाही, प्रोग्राम बंदही पडला नाही.

यालाच रेस कंडिशन म्हणतात. कोण आधी पोचतो यावर उत्तर ठरतं, म्हणून शर्यत. दुसऱ्यानं शेवटी लिहिलं म्हणून ३०,००० राहिले. पहिल्यानं शेवटी लिहिलं असतं तर ९२,००० राहिले असते आणि तोटा आडत्याला झाला असता. मी एकटा बसून नोंदी घालत होतो तेव्हा शर्यतीला दुसरा गडीच नव्हता, मग चूक दिसणार कुठून? मोंढ्यात गर्दीच्या दिवशी येणारी आणि तपासायला बसलं की पळून जाणारी ही चूक. मला आजही सगळ्यात जास्त धास्ती हिचीच वाटते.

ही गोष्ट हिशेबापुरती असती तर भरपाई देऊन भागलं असतं. थेरॅक-२५ नावाच्या कॅन्सरवरच्या रेडिएशन यंत्रानं १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात मिळून सहा रुग्णांना नेमून दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट मारा दिला, आणि त्यातले काही दगावले. १९८६ मधल्या अपघातांच्या मुळाशी शर्यतच होती. चालवणारीनं चुकून क्ष-किरणांचा पर्याय निवडला आणि लगेच दुरुस्त करून इलेक्ट्रॉनचा केला. यंत्रातली चुंबकं जागेवर बसायला साधारण आठ सेकंद घ्यायची. दुरुस्ती त्या आठ सेकंदांच्या आत झाली की पडद्यावर एक दिसायचं आणि यंत्र दुसऱ्याच तयारीत असायचं. नवख्या माणसाचा हात हळू चालतो, म्हणून चाचणीत काही आढळलं नाही. हात सरावल्यावर चूक बाहेर आली. या घराण्यातल्या आधीच्या यंत्रात असा मारा अडवणारं कुलूप लोखंडातच बसवलेलं होतं. या यंत्रात ते काढून टाकलं आणि सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली.

आता ऑब्जेक्टची गोष्ट. माझा समज असा होता की 'बाकी' प्रायव्हेट केली म्हणजे ती सुरक्षित झाली. आपल्याला शिकवतातच तसं: ऑब्जेक्ट म्हणजे वाडा, प्रायव्हेट म्हणजे वाड्याची भिंत, आणि आत यायचं तर मेथडच्या दारातून या. ते खरंच आहे. भिंतीमुळे परका कोड आत घुसत नाही. पण दारातून एका वेळी किती जण आत शिरतात हे भिंत मोजत नाही. माझ्या दोन्ही मुनिमांचे थ्रेड अगदी रीतसर दारातूनच आत गेले होते. प्रायव्हेट हा शब्द कोणाला आत घ्यायचं ते सांगतो, कधी घ्यायचं ते सांगत नाही.

ही उणीव जुन्या जाणत्यांनी केव्हाच ओळखली होती. पेर ब्रिंक हॅन्सन आणि टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मॉनिटरची कल्पना मांडली. होअर यांचा त्यावरचा प्रसिद्ध लेख १९७४ चा. सांगणं असं की डेटा, त्यावरच्या कृती आणि कुलूप तिन्ही एकाच ठिकाणी ठेवा, म्हणजे आत एका वेळी एकच जण असेल. १९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यातल्या प्रत्येक ऑब्जेक्टला जन्मतःच एक कुलूप दिलेलं होतं. मेथडच्या आधी सिंक्रोनाइज्ड लिहिलं की आत शिरणारा थ्रेड त्या ऑब्जेक्टचं कुलूप लावून घेतो आणि बाहेर पडताना उघडतो. तोवर दुसरा दाराशी थांबतो.

एकेरी रेल्वेमार्ग पाहिलेल्यांना हे लगेच पटेल. दोन स्टेशनांमधल्या एकेरी रुळावर गाडी न्यायची तर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा लागायचा. दोन्ही स्टेशनांतली यंत्रं तारेनं एकमेकांशी अशी जोडलेली, की एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघायचाच नाही. वेताच्या मोठ्या कडीला अडकवलेला तो गोळा चालत्या इंजिनातून हात बाहेर काढून झेलताना ज्यांनी पाहिलाय त्यांना म्युच्युअल एक्सक्लूजन, म्हणजे एका वेळी एकालाच आत घेणं, वेगळं शिकवावं लागत नाही. डायक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात अशाच कामासाठी जे साधन मांडलं त्याचं नाव सेमाफोर, आणि सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हात वर-खाली करणारा सिग्नल.

मी जमा आणि नावे दोन्हींवर सिंक्रोनाइज्ड लिहिलं आणि सुटलो असं समजलो. सुटलो नव्हतो.

बाकी नुसती वाचून दाखवणारी जी मेथड होती तिला कुलूप लावलंच नव्हतं. वाचण्यात कसली आलीय गडबड, असं वाटलं. पण एका थ्रेडनं लिहिलेलं दुसऱ्याला लगेच दिसेलच असं नसतं. प्रोसेसरजवळच्या तात्पुरत्या साठ्यामुळे (कॅश) आणि कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरनं केलेल्या हलवाहलवीमुळे जुनाच आकडा दिसत राहू शकतो. वाचणारा आणि लिहिणारा दोघांनीही तेच कुलूप वापरलं तरच नवा आकडा दिसण्याची हमी मिळते. जावात व्होलाटाइल म्हणून शब्द आहे. तो ताजं दिसण्याची हमी देतो, पण वाचा-मिळवा-लिहा या तिघांना एकत्र बांधून ठेवत नाही. हा शब्द लावून शर्यत थांबेल असं समजणारी पोरं मला दर वर्षी भेटतात. पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड चालतो म्हणून चिंता नाही, हा समजही त्याच जातीचा. त्या तीन कृतींच्या मधेच पाळी बदलू शकते.

दुसरी चूक पावती क्रमांकाची. तो सगळ्या खात्यांना मिळून एकच होता, म्हणजे स्टॅटिक. पण तो वाढवणारी मेथड खात्याच्या कुलपाखाली चालायची. खातं ११७ चा थ्रेड ११७ चं कुलूप लावून आत, खातं २०४ चा थ्रेड २०४ चं कुलूप लावून आत, आणि दोघं मिळून एकाच क्रमांकावर. कुलपं दोन, तिजोरी एक. एका क्रमांकाच्या दोन पावत्या निघाल्या तेव्हा ते लक्षात आलं. तेव्हापासून मी सामायिक असलेल्या प्रत्येक फील्डच्या, म्हणजे बाकीसारख्या साठवलेल्या माहितीच्या, वर एक ओळ लिहितो: हे कोणत्या कुलपाखाली. ती ओळ लिहिता येत नसेल तर कोड अजून तयार नाही, असं धरून चालतो.

तिसरी चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उचल देण्याआधी कोड विचारायचा: बाकी पुरेशी आहे का? असेल तर नावे टाक. विचारणारी मेथड कुलपात, नावे टाकणारी मेथडही कुलपात. पण दोघींच्या मध्ये कुलूप उघडं. तेवढ्यात दुसरा मुनीम शिरला, त्यालाही बाकी पुरेशी दिसली, आणि एकाच बाकीवर दोन उचली गेल्या. पाहणं आणि करणं यांच्यामध्ये फट राहिली की शर्यत तिथून आत येते, मग सुट्या मेथड कितीही बंदिस्त असोत. जावातली व्हेक्टर ही यादी अशीच आहे. तिची प्रत्येक मेथड सुरक्षित, पण आधी किती आहेत ते विचारून मग शेवटचा घटक काढायला गेलात तर मधल्या वेळात कोणीतरी तो काढून नेलेला असतो. २००४ मध्ये जावा ५ बरोबर डग ली यांच्या पुढाकारानं तयार झालेला समांतर कामांचा संच आला. त्यातल्या कॉन्करंट हॅशमॅप या नावानिशी वस्तू ठेवायच्या साठ्यामध्ये 'नसेल तरच ठेव' ही एकच कृती म्हणून दिली आहे. फट कुठे राहते हे ओळखूनच ती मेथड केलेली दिसते. मीही 'बाकी किती' आणि 'नावे टाक' या दोघींऐवजी 'बाकी पुरत असेल तर उचल दे, नाहीतर नाही म्हण' अशी एकच मेथड केली. ऑब्जेक्टला प्रश्न विचारून निर्णय बाहेर घेऊ नये, काम त्यालाच सांगावं, हे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचं जुनं शिकवणं आहे. समांतर कामात त्याच्याशिवाय गत्यंतर नाही.

आणखी एक भगदाड नव्यांच्या हमखास नजरेतून सुटतं. खात्यातल्या नोंदींची यादी प्रायव्हेट, आणि ती परत देणारी मेथड सिंक्रोनाइज्ड. पण परत काय दिलं? आतली यादीच. मेथड संपली, कुलूप उघडलं, यादी बाहेरच्याच्या हातात राहिली. आता तो ती कुलपाशिवाय हवी तशी वापरणार. द्यायचीच तर प्रत द्यावी, किंवा बदलताच न येणारी यादी द्यावी. एकदा तयार झाल्यावर जो ऑब्जेक्ट कधीच बदलत नाही त्याला कुलूपच लागत नाही. काटापट्टी तशी असते. वजन, भाव, तारीख एकदा छापली की पट्टी बदलत नाही. चूक असेल तर ती रद्द करून नवी काढतात. माझ्या प्रोग्राममध्ये पट्टी आणि नोंद हे दोन्ही क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचे साचे, आता तसेच आहेत, आणि निम्मी कुलपं तिथंच गळून पडली.

कुलपं लावली की पुढचं संकट येतं ते कोंडीचं. पुढच्या हंगामात एका सकाळी प्रोग्राम गप्प बसला. बंद पडला नव्हता, प्रोसेसरही रिकामाच होता, फक्त काही हलत नव्हतं.

गंजगोलाईत दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी गेलेल्याला हे चित्र ओळखीचं असेल. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती गोल रस्ता आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. गोलातल्या रिक्षाला बाहेर पडायचंय, पण तिच्या रस्त्याच्या तोंडाशी आत येणारा टेम्पो उभा. टेम्पोला आत यायचंय, पण गोलात जागा नाही, कारण पुढची रिक्षा हलत नाही. ती हलत नाही, कारण तिच्याही तोंडाशी एक टेम्पो. प्रत्येकानं आपली जागा धरून ठेवलेली आणि प्रत्येकाला पुढच्याची हवी. कोणीच चुकीचं वागत नाही आणि कोणीच हलत नाही. तसाच डेडलॉक.

माझ्याकडे दोन भावांची खाती होती, ११७ आणि २०४. बियाण्याचे, फवारणीचे पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरायचे. रक्कम वर्ग करणारी मेथड आधी देणाऱ्याच्या खात्याचं कुलूप लावायची, मग घेणाऱ्याच्या. एका मुनिमानं ११७ मधून २०४ मध्ये रक्कम टाकली, त्याच क्षणी दुसऱ्यानं २०४ मधून ११७ मध्ये. पहिल्याच्या हातात ११७, तो २०४ ची वाट पाहतोय. दुसऱ्याच्या हातात २०४, तो ११७ ची वाट पाहतोय. दोघं त्या जागी कायमचे थांबले, आणि त्यांच्यामागे त्या खात्यांना हात लावणारी प्रत्येक नोंद.

कोफमन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखवलं की अशी कोंडी व्हायला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. हातातली न सोडता माणूस दुसरी मागतो. त्याच्या हातातली कोणी हिसकावून घेऊ शकत नाही. आणि वाट पाहणाऱ्यांची साखळी फिरून पहिल्यापाशी येते. चारपैकी एक मोडली तरी कोंडी होत नाही. पहिली मोडता येत नाही, कुलूप लावण्यामागचा हेतूच तो. तिसरी डेटाबेस मोडतात. कोंडी ओळखली की एका व्यवहाराचा बळी देतात, त्याचं सगळं मागं फिरवतात आणि त्याला पुन्हा प्रयत्न करायला सांगतात. दुसरी मोडायची तर ट्रायलॉक वापरता येतं: दुसरं कुलूप ठरावीक वेळात मिळालं नाही तर पहिलंही सोडायचं, जरा थांबायचं, पुन्हा यायचं. पण थांबण्याचा वेळ दोघांचा सारखाच ठेवला तर दोघं एकदम सोडतात आणि एकदम येतात. अरुंद बोळात समोरासमोर आलेली माणसं एकाच बाजूला सरकत राहतात तसं होतं. म्हणून तो वेळ प्रत्येक वेळी वेगळा, नशिबावर सोडलेला ठेवावा.

मी चौथी मोडली, आणि शक्य असेल तिथं हीच मोडावी असं माझं मत आहे. नियम एका ओळीचा: पैसे कुठूनही कुठेही जावोत, लहान खाते क्रमांकाचं कुलूप आधी लावायचं. आता २०४ मधून ११७ मध्ये पाठवणाराही आधी ११७ च्या दाराशी जातो. ते मिळालं नाही तर तो रिकाम्या हातानं थांबतो, आणि रिकाम्या हाताचा माणूस कोणाला अडवत नाही. सगळे एकाच क्रमानं चढत असतील तर साखळी फिरून मागं येऊच शकत नाही. देणारा आणि घेणारा एकच असेल तर सुरुवातीलाच परत पाठवायचं. क्रमांक मात्र न बदलणारा आणि दोघांचा कधीही सारखा नसणारा हवा. शेतकऱ्याच्या नावानं क्रम लावायला गेलात तर एका गावात एकाच नावाचे तिघे निघतात. सी प्लस प्लसमध्ये २०१७ पासून स्कोप्ड लॉक आहे. त्याला दोन्ही कुलपं एकदम सांगितली की कोंडी न होऊ देण्याची जबाबदारी ते स्वतः घेतं.

तरी एक कोंडी या नियमातूनही निसटली, आणि ती ऑब्जेक्टच्याच रचनेतून आलेली होती. खात्यात जमा झालं की शेतकऱ्याला मेसेज पोचावा, छापणाऱ्याला कळावं, दिवसाची बेरीज बदलावी, यासाठी मी श्रोत्यांची, म्हणजे बदल कळवायच्या ऑब्जेक्टची, यादी ठेवली होती. बाकी बदलली की जमा मेथड प्रत्येकाला हाक मारायची, तीही कुलूप हातात ठेवून. दिवसाची बेरीज करणाऱ्या ऑब्जेक्टचं स्वतःचं कुलूप होतं. तो संध्याकाळी ते लावून एकेक खातं वाचायचा. म्हणजे जमा करणारा खात्याकडून बेरजेकडे, बेरीज करणारा बेरजेकडून खात्याकडे. माझ्या मेथडमध्ये दुसरं कुलूप कुठेही लिहिलेलं दिसत नव्हतं, ते हाकेच्या पलीकडे दडलेलं होतं. इनहेरिटन्समध्येही हाच धोका आहे. उद्या कोणी माझ्या क्लासवरून नवा क्लास करून मेथड बदलेल, आणि ती कोणतं कुलूप लावेल हे मला आज कळणार नाही. म्हणून कुलूप हातात असताना परक्या मेथडला हाक मारायची नाही. आता बाकी बदलायची, कोणाला काय कळवायचं ते कुलपाच्या आत टिपून घ्यायचं, कुलूप सोडायचं आणि मगच हाका मारायच्या, असं करतो. कुलपातलं काम थोडकं राहतं हा वरचा फायदा.

गप्प बसलेल्या सर्व्हरवर त्या सकाळी काय करावं हे मला सुचत नव्हतं, मी तो बंद करून पुन्हा चालू केला. तसं करू नका. जावात जेस्टॅक नावाचं साधन आहे. ते चालवलं की प्रत्येक थ्रेड कोणत्या ओळीवर थांबलाय, त्याच्या हातात कोणतं कुलूप आहे आणि त्याला कोणतं हवंय हे छापून येतं, आणि तळाशी डेडलॉक सापडल्याचंही लिहिलेलं असतं. बंद केला की तो पुरावा गेला. सी प्लस प्लस आणि गो भाषेसाठी थ्रेड सॅनिटायझरवर आधारलेले शोधक आहेत. कुलपाशिवाय एकाच जागेवर दोघांनी हात टाकलेला ते पकडतात, मग त्या वेळी उत्तर योगायोगानं बरोबर आलेलं असलं तरी.

माझी चाचणी आता अशी आहे. वीस थ्रेड तयार करतो आणि सगळ्यांना एका रेषेवर थांबवून एकदम सोडतो. प्रत्येकानं दहा खात्यांत उलटसुलट दहा हजार वेळा रक्कम वर्ग करायची. शेवटी दहाही खात्यांची बेरीज सुरुवातीइतकीच यायला हवी, आणि काम ठरलेल्या वेळात संपायला हवं. बेरीज चुकली तर शर्यत, वेळ संपला तर कोंडी. चाचणी पार पडली म्हणजे दोष नाही असं सिद्ध होत नाही, म्हणून ती रोज रात्री चालते. दहा खात्यांतली दोन ११७ आणि २०४ या क्रमांकांचीच ठेवली आहेत.

मामांच्या ५२,००० ची दुरुस्ती आम्ही त्यांच्या वहीवरून केली. मी बाकी छापून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती आपल्या आकड्याशी ताडून पाहिली आणि काटापट्टीच्या घडीत ठेवली.